उसना ड्रायव्हर : सोय आणि तिची किंमत



यंत्र कोणाचे, त्याची किल्ली कोणाकडे, आणि ते अडले तर त्याचे पोट उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला, हे कामगार चळवळीचे फार जुने प्रश्न आहेत. ह्याच प्रश्नांवरून संगणकाच्या जगात वीसएक वर्षांपूर्वी एक मोठा वाद झाला. त्याचे निमित्त दिसायला क्षुल्लक होते. विंडोजसाठी बनविलेला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवावा की नाही, चालवायचा तर कसा, आणि चालविल्याने आपण काय मिळवतो व काय गमावतो, एवढाच तो वाद. मी कॉलेजात गेलेला माणूस नाही. ह्या विषयात मला जे समजले ते वाचून, विचारून आणि हाताने करून पाहून समजले. म्हणून ज्याला संगणक वापरता येतो, पण त्याच्या पोटात काय चालते हे ठाऊक नाही, अशा माणसाला समजेल अशा बेताने मी आज बोलणार आहे.

मुकादमाचे काम

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पेटीत जे निरनिराळे भाग असतात त्यांपैकी वायरलेस नेटवर्क कार्ड हा एक. रेडिओच्या लहरींतून माहिती पाठविणे आणि आलेली माहिती घेणे, हे त्याचे काम. हे कार्ड कष्टाळू खरे, पण त्याला आपली भाषा कळत नाही. त्याच्या अंगावर लहान लहान खाने असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक खान्यात अमुक आकडा लिहिला की कार्ड अमुक वाहिनीवर जाते. दुसऱ्या खान्यात दुसरा आकडा लिहिला की ते स्मृतीतल्या ठरलेल्या जागेवरून माहिती उचलून हवेत सोडते. कोणत्या खान्यात कोणता आकडा, आणि कोणत्या क्रमाने, हे ज्याने कार्ड बनविले त्यालाच ठाऊक असते.

वरच्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टिम असते. कोणाकडे विंडोज, कोणाकडे लिनक्स. ती संगणकाची व्यवस्थापक. तिला कार्डाचे खाने ठाऊक नसतात आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ती फक्त म्हणते, ‘हा मजकूर पाठवा.’ ह्या दोघांच्या मध्ये जो असतो तो ड्रायव्हर. आपल्या भाषेत त्याला मुकादम म्हणावे. मुकादम वर साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलतो, आणि खाली कामकऱ्यांशी त्यांच्या भाषेत. एका गिरणीचा मुकादम दुसऱ्या गिरणीत नेऊन उभा केला, तर कामकऱ्यांची भाषा त्याला येईल, पण नव्या साहेबाची रीत त्याला उमगणार नाही. तसेच ड्रायव्हरचे आहे. कार्ड तेच असले तरी विंडोजसाठी एक ड्रायव्हर लागतो आणि लिनक्ससाठी दुसरा.

दार बंद का होते

मार्च २००३ मध्ये इंटेल कंपनीने सेंट्रिनो ह्या नावाने लॅपटॉपची जुळवणी बाजारात आणली, आणि त्यानंतर लॅपटॉपमध्ये वायरलेस कार्ड असणे ही नित्याची गोष्ट झाली. इतर अनेक लॅपटॉपांत ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा असत. कार्डाबरोबर एक तबकडी मिळे, आणि तीत विंडोजचा ड्रायव्हर असे. लिनक्स वापरणाराच्या हाती मात्र पुष्कळदा काहीच येत नसे. ड्रायव्हर नाही, आणि आपला आपण लिहावा म्हटले तर खान्यांची माहितीही नाही.

ह्याची कारणे तीन होती. एक, लिनक्स वापरणारे गिऱ्हाईक थोडे; त्यांच्यासाठी खर्च कोण करतो? दोन, माहिती बाहेर गेली तर प्रतिस्पर्धी तिचा फायदा घेईल ही भीती. तिसरे कारण थोडे वेगळे आहे आणि ते अगदीच पोकळ नव्हते. रेडिओ यंत्राने कोणत्या लहरींवर आणि किती जोराने बोलावे ह्याला प्रत्येक देशात कायदा असतो. अमेरिकेत ते काम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे आहे. नव्या चिपांमध्ये ही मर्यादा पुष्कळ अंशी सॉफ्टवेअरने घातलेली असे. ड्रायव्हर खुला केला आणि कोणी मर्यादा ओलांडली, तर दोष आपल्यावर येईल असे कंपन्या म्हणत. अ‍ॅथेरॉस कंपनीच्या चिपांसाठी काही वर्षे अशी तडजोड चालली की ड्रायव्हरचा वरचा भाग खुला, आणि रेडिओला हात लावणारा भाग बंद डब्यात.

ब्रॉडकॉमच्या बाबतीत एक विसंगती होती. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी ह्या गाजलेल्या राउटरात ब्रॉडकॉमची चिप होती, आणि त्या राउटरात चालत होते लिनक्सच. म्हणजे लिनक्सवर ती चिप चालविण्याची विद्या जगात अस्तित्वात होती. पण ती डबाबंद होती, आणि लॅपटॉपवाल्याच्या उपयोगाची नव्हती.

साहेबाचे सोंग

अशा अडचणीत २००३ च्या अखेरीस पॉन्टस फुक्स ह्या प्रोग्रामरने एक युक्ती काढली. नवा ड्रायव्हर लिहिता येत नाही, कारण माहिती नाही. परंतु विंडोजचा ड्रायव्हर तर प्रत्येकाच्या तबकडीत आहे. मग त्याच मुकादमाला लिनक्सच्या घरात आणावे, आणि त्याच्याभोवती विंडोजचा देखावा असा उभा करावा की आपण परक्या घरी आलो आहोत हे त्याला कळूच नये. ह्या कामाचे नाव एनडीआयएस-रॅपर. रॅपर म्हणजे वेष्टन. पुढे गिरिधर पेम्मासानी ह्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर वाढविले. योगायोग असा की, फ्रीबीएसडी ह्या दुसऱ्या एका खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल पॉल ह्यांनीही डिसेंबर २००३ मध्ये हेच केले, आणि त्याला ‘प्रोजेक्ट ईव्हिल’ म्हणजे ‘पापाचा उपक्रम’ असे नाव दिले. आपण काय करीत आहोत ह्याची करणाऱ्याला जाणीव होती, हे त्या नावावरून दिसते. नोव्हेंबर २००४ मध्ये निघालेल्या फ्रीबीएसडी ५.३ मध्ये ते काम समाविष्ट झाले.

ही युक्ती शक्य झाली ती एका जुन्या करारामुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम ह्या कंपन्यांनी नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरने ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागावे आणि तिने काय द्यावे ह्याचा एक ठराव केला. त्याचेच नाव एनडीआयएस. मुकादमाने कोणकोणत्या गोष्टींसाठी साहेबाला हाक मारायची ह्याची ती ठरलेली यादी होय. यादी ठरलेली असल्यामुळे सोंग घेणे सोपे झाले. सगळे विंडोज पुन्हा लिहावे लागले नाही. ड्रायव्हर ज्या हाका मारतो तेवढ्यांना उत्तर देणारा कोणी उभा केला म्हणजे झाले. फुक्स ह्यांनीही आरंभी हेच ठरविले होते की संपूर्ण यादी पुरी करण्याच्या नादी न लागता, अडलेली कार्डे चालायला जेवढे लागेल तेवढेच लिहावे.

आता हे आतून कसे चालते ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी ओळख पटविण्याची. प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. ब्रॉडकॉमचा उत्पादक-क्रमांक १४ई४, आणि त्यांच्या बीसीएम ४३०६ ह्या चिपचा क्रमांक ४३२०. (ह्या मोजणीत नऊच्या पुढे अक्षरे येतात, म्हणून त्यात ‘ई’ आहे.) विंडोजच्या ड्रायव्हरबरोबर आयएनएफ नावाची एक साधी मजकुराची फाइल येते. हा ड्रायव्हर कोणत्या क्रमांकांच्या कार्डांसाठी आहे हे तीत लिहिलेले असते. वेष्टन ती वाचते आणि कार्डाशी ताळा करते.

दुसरी पायरी ड्रायव्हरला आत घेण्याची. खरा ड्रायव्हर एसवायएस फाइलीत असतो. विंडोजच्या फाइलींची बांधणी एक, लिनक्सची दुसरी. लिनक्सला ती फाइल नुसती दिली तर तो ती ओळखतच नाही. वेष्टन तिची बांधणी स्वतः उकलते, तिचे तुकडे स्मृतीत योग्य जागी ठेवते, आणि आतले पत्ते दुरुस्त करते.

तिसरी पायरी हाका जुळविण्याची. ड्रायव्हरच्या फाइलीत त्याला बाहेरून काय काय लागते त्याची नावनिशीवार यादी असते : स्मृती द्या, घड्याळ लावा, कुलूप घाला, आलेला मजकूर वर पोहोचवा. प्रत्येक नावापुढे वेष्टन आपले स्वतःचे एक काम जोडते. मुकादम ओरडतो, ‘स्टोअरकीपर, शंभर कांड्या पाठव!’ आवाज ऐकणारा स्टोअरकीपर परका असतो. तो आपल्या कोठीतून शंभर कांड्या काढतो, त्यांवर जुन्या गिरणीची चिठ्ठी लावतो आणि पाठवितो. मुकादमाला कांड्यांशी काम.

चौथी पायरी बोलण्याच्या रीतीची. एक काम दुसऱ्या कामाला हाक मारते तेव्हा सोबत काही आकडे देते, आणि ते कोणत्या जागी ठेवायचे ह्याचा संकेत असतो. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर विंडोज पहिले चार आकडे आरसीएक्स, आरडीएक्स, आर८ आणि आर९ ह्या जागांत ठेवते. लिनक्स मात्र आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ ह्या क्रमाने सहा जागा वापरतो. म्हणजे एकाने उजव्या खिशात ठेवलेली चिठ्ठी दुसरा डाव्या खिशात शोधणार. म्हणून प्रत्येक हाकेच्या वेळी चिठ्ठ्या खिसे बदलून ठेवणारा एक लहानसा दुभाषा मध्ये बसवावा लागला.

पाचवी पायरी जागेची. कामाच्या ओघात तात्पुरत्या गोष्टी ठेवायला प्रत्येक कामाला स्मृतीचा एक तुकडा मिळतो. त्याला स्टॅक म्हणतात. ३२ बिटांच्या विंडोजच्या गाभ्यात तो १२ किलोबाइटांचा असे. लिनक्सच्या गाभ्यात त्या काळी तो ८ किलोबाइटांचा असे, आणि काही वितरणांत काटकसर म्हणून ४ किलोबाइटांचाच ठेवीत. प्रशस्त गिरणीत वावरलेल्या मुकादमाला खुराड्यात उभे करावे तसे हे झाले. एखादा ड्रायव्हर हातपाय पसरू लागला की शेजारच्या स्मृतीवर पाय पडे आणि सगळा संगणक बंद पडे.

इतके सगळे जमले म्हणजे लिनक्सला समोर एक साधे नेटवर्क कार्ड दिसे. नाव विचारावे, सांकेतिक शब्द द्यावा, आणि काम सुरू. ही नक्कल नव्हे, हे ध्यानात घ्यावे. ड्रायव्हरच्या मूळच्या आज्ञा प्रोसेसर प्रत्यक्ष चालवीत असे. म्हणून वेग चांगला मिळे. पण त्याच कारणाने एक मर्यादाही होती. त्या आज्ञा इंटेलच्या घराण्याच्या प्रोसेसरसाठी होत्या. अ‍ॅपलच्या त्या वेळच्या पॉवरपीसी लॅपटॉपांतल्या एअरपोर्ट एक्स्ट्रीम कार्डांतही ब्रॉडकॉमची चिप होती, पण प्रोसेसर वेगळा. त्यामुळे त्यांवर लिनक्स चालविणाऱ्यांना ह्या युक्तीचा काडीचा उपयोग नव्हता. इंटेलच्या घराण्यातही ६४ बिटांच्या लिनक्सला ६४ बिटांचाच विंडोज ड्रायव्हर लागे, आणि तो पुष्कळ कार्डांना मिळत नसे.

सोयीची किंमत

हे काम ज्यांनी केले त्यांच्या कौशल्याला आणि कळकळीला मी मान देतो. हजारो माणसांची अडचण त्यामुळे दूर झाली. आमच्या युनियनच्या कचेरीत देणगी मिळालेला एक जुना लॅपटॉप होता. सभासदांची वही आणि ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद त्यावर ठेवीत असू. विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते म्हणून एका तरुण कार्यकर्त्याने त्यावर लिनक्स घातले, आणि त्याचे वायरलेस कार्ड ह्याच वेष्टनाने चालू झाले. त्या दिवसापासून कचेरीतून पत्रे जाऊ लागली. ही सोय लहान नव्हती. पण लिनक्सचा गाभा नवा आला की वेष्टन नव्याने बांधावे लागे, आणि तोवर कार्ड मुके होई. तो तरुण गावाला गेला की आम्ही पुन्हा टपालावर.

ही गैरसोय वरवरची झाली. खरी किंमत आणखी खोल आहे, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली जोखमीची. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालविणारे ‘वाइन’ नावाचे सॉफ्टवेअर १९९३ पासून आहे. पण तेथे परका प्रोग्रॅम गाभ्याच्या बाहेर, भिंतीपलीकडे चालतो. तो कोसळला तर एकटाच कोसळतो. ड्रायव्हर गाभ्याच्या आत असतो. तेथे भिंत नाही. त्याचा पाय चुकला तर सगळी इमारत हलते, आणि कोणाचा पाय चुकला हे शोधता येत नाही, कारण त्याच्या पोटात काय आहे ते कोणाला वाचता येत नाही. म्हणून बंद ड्रायव्हर आत आला की लिनक्सचा गाभा स्वतःवर ‘डाग लागलेला’ असा शिक्का मारून घेतो. असा शिक्का असलेल्या संगणकाची तक्रार गाभ्याचे कारागीर सहसा हाती घेत नाहीत. आणि त्यात त्यांचा आडमुठेपणा नाही. झाकण न उघडता यंत्र दुरुस्त करा असे कोणत्या फिटरला सांगावे?

दुसरी किंमत सुरक्षिततेची. नोव्हेंबर २००६ मध्ये ब्रॉडकॉमच्या विंडोज ड्रायव्हरातला एक गंभीर दोष जाहीर झाला. वायरलेस नेटवर्कचे नाव नियमाप्रमाणे ३२ बाइटांपेक्षा लांब असता कामा नये. परंतु कोणी मुद्दाम लांबलचक नाव असलेला संदेश हवेत सोडला, तर हा ड्रायव्हर लांबी न मोजताच ते उतरवून घेई, आणि त्या वाटेने परका माणूस आपल्या आज्ञा त्या संगणकात चालवू शके. त्यासाठी तो तुमच्या घरात यायला नको. रेडिओच्या टप्प्यात असला म्हणजे पुरे. आता पाहा, लिनक्सवर ज्याने हाच ड्रायव्हर उसना आणला त्याने हा दोषही उसना आणला. लिनक्सच्या जगात शेकडो कुशल कारागीर असूनही त्यांतला एकही तो दोष दुरुस्त करू शकत नव्हता. कंपनी नवी फाइल देईल तेव्हा आणि देईल तर.

तिसरी किंमत परावलंबनाची. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आले आणि त्याबरोबर एनडीआयएसची सहावी आवृत्ती आली. हाकांची यादी पुष्कळ बदलली. वेष्टन मात्र विंडोज एक्सपीच्या जुन्या यादीवर उभे होते, आणि नवी यादी त्यात कधीच आली नाही. जोवर कंपन्या नव्या कार्डांसाठी एक्सपीचाही ड्रायव्हर देत होत्या तोवर निभावले. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. करार दुसऱ्या दोघांचा. तो बदलताना आपल्याला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. आपण त्या करारात पक्षकारच नव्हतो.

अंतरिम मदत आणि मागणीपत्रक

आता वादाकडे वळतो. एक पक्ष म्हणे, हे वेष्टन घातक आहे. गिऱ्हाईक अडले तर ते कंपनीकडे तक्रार नेईल आणि कंपनीवर दबाव येईल. वेष्टनाने गिऱ्हाईकाचे तोंड बंद होते, आणि कंपनी म्हणते, ‘लिनक्सवर चालते की!’ ओपनबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी अशा बंद डब्यांना सरळ नकार दिला. मे २००६ मध्ये निघालेल्या आपल्या ३.९ ह्या आवृत्तीचा विषयच त्यांनी हा ठेवला. दुसरा पक्ष म्हणे, ज्याच्या संगणकावर इंटरनेटच नाही तो लिनक्स टिकवील कसा? तो दुसऱ्या दिवशी विंडोजकडे परत जाईल, आणि मग दबाव आणायला उरणार कोण?

लिनक्सच्या गाभ्याच्या कारागिरांत २००६ साली आणि पुन्हा २००८ साली ह्याच वादाला कायद्याचे रूप आले. गाभ्यातल्या काही सोयी फक्त जीपीएल परवान्याखालच्या, म्हणजे खुल्या, भागांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. वेष्टन स्वतः जीपीएलखाली होते. पण त्याचे काम बंद ड्रायव्हरला आत आणणे हेच. सहकारी भांडाराच्या सभासदाने सवलतीचा माल घ्यावा आणि तो बिगरसभासदाला पोहोचवावा, तसा हा पेच. सभासदत्व खरे, तरी सवलत द्यावी काय? दोन्ही बाजूंनी जाणती माणसे बोलली, आणि कोणाचेही म्हणणे खोटे नव्हते.

माझे मत मी आमच्या अनुभवाच्या भाषेत सांगतो. लढा लांबला की अंतरिम मदत मिळते. ती नाकारावी असे म्हणणारा पुढारी घरी चूल पेटलेली असणारा असतो. कामगाराने ती घ्यावी. पण ती घेताना मागणीपत्रक मागे घेऊ नये, आणि अंतरिम मदतीलाच करार म्हणू नये. वेष्टन ही अंतरिम मदत होती. मागणी होती ती कार्डाच्या माहितीची, म्हणजे आपल्या मालकीच्या यंत्राचा मुकादम आपल्याला नेमता यावा ह्याची.

ही मागणी नवी नव्हती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांना, कागद अडकला की वापरणाऱ्यांना तशी सूचना जावी अशी सुधारणा त्यात करायची होती. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या गृहस्थाने, आपण गुप्ततेचे वचन दिले आहे असे सांगून नकार दिला. ही हकीकत स्टॉलमन स्वतः पुष्कळदा सांगत आले आहेत. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू ह्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमची घोषणा केली, आणि लिनक्स ज्या परवान्याखाली आहे तो जीपीएल त्याच चळवळीतून निघाला. थोडक्यात, ह्या चळवळीच्या उगमाशीच यंत्राच्या बंद सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.

मागणी कशी पुरी झाली

मागणीपत्रक मागे घेतले गेले नाही, म्हणून पुढचे घडले. काही मंडळींनी ब्रॉडकॉमच्या चिपचे ज्ञान उलट वाटेने मिळविण्याचे ठरविले. त्यांची पद्धत शिकण्याजोगी आहे. त्यांनी दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने राउटरातला डबाबंद ड्रायव्हर तपासायचा आणि चिपला काय काय सांगावे लागते ह्याचे वर्णन साध्या शब्दांत लिहायचे. दुसऱ्या तुकडीने तो ड्रायव्हर पाहायचादेखील नाही. केवळ वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. म्हणजे कोणी चोरीचा आळ घेऊ शकत नाही, कारण लिहिणाऱ्याने मूळ पाहिलेलेच नाही. असा लिहिलेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ ह्या गाभ्यात आला, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ मध्ये आली. ज्यांना वेष्टन निरुपयोगी होते त्या पॉवरपीसीवाल्यांनाही तो चालला, कारण मूळ मजकूर हाती असला की तो कोणत्याही प्रोसेसरसाठी नव्याने तयार करता येतो.

दुसरीकडे बोलणीही चालू होती. इंटेलने २००४ पासूनच आपल्या वायरलेस कार्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर देण्यास आरंभ केला होता. जानेवारी २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी कंपन्यांना जाहीर आवाहन केले, की तुम्ही फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देऊ. जून २००८ मध्ये गाभ्याच्या शंभराहून अधिक कारागिरांनी सह्या करून, बंद ड्रायव्हर घातक आणि अनिष्ट आहेत असे निवेदन काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅथेरॉसने आपल्या नव्या चिपांचा ड्रायव्हर पूर्ण खुला दिला. रेडिओच्या कायद्याची अडचण अनुल्लंघ्य नव्हती, हे त्यावरून सिद्ध झाले. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला.

आज बहुतेक वायरलेस कार्डे लिनक्सवर काही न करता चालतात, कारण त्यांचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात. वेष्टनाची गरज क्वचितच कोणाला पडते. फ्रीबीएसडीच्या मूळ मजकुरातून तर ते २०२१ साली काढूनही टाकले. पापाचा तो उपक्रम आपले काम करून निवृत्त झाला.

समेट मात्र पुरा झालेला नाही, आणि हे सांगितल्याशिवाय माझे बोलणे प्रामाणिक होणार नाही. कार्डाच्या आतही एक लहानसा प्रोसेसर असतो आणि त्यात फर्मवेअर नावाचा प्रोग्रॅम चालतो. मुकादम आपला झाला, पण कामकऱ्याला आतून पढविणारा अजून कंपनीचाच आहे. ब्रॉडकॉमसाठी उलट वाटेने लिहिलेला जो ड्रायव्हर मी सांगितला, त्यालाही कंपनीच्या ड्रायव्हरातून फर्मवेअर कापून काढून द्यावे लागे, आणि त्यासाठी निराळे हत्यार बनविले होते. बहुतेक नव्या कार्डांचे फर्मवेअर आजही बंदच आहे.

ह्यातून आपण काय घ्यावे? यंत्र विकत घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : ह्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहे काय? शाळा, वाचनालये, सहकारी संस्था आणि आमच्यासारख्या संघटना संगणक घेतात तेव्हा निविदेत ही एक ओळ घालायला एक पैसा पडत नाही. एकट्या गिऱ्हाईकाला कंपनी ‘नाही’ म्हणते. शंभर संस्थांच्या निविदेत तीच ओळ आली तर तिला विचार करावा लागतो. आणि एवढे करूनही एखादे दिवशी अडलोच, तर उसना ड्रायव्हर जरूर वापरावा; पत्रे थांबता कामा नयेत. मात्र तो उसना आहे ही नोंद वहीत राहू द्यावी, आणि आपली मागणी पुन्हा एकदा लेखी कळवावी.